साक्ष द्यायला उठलो आणि परत खाली बसलो

क्वार्टरगेटकर | रविवार, रात्री १०:४०

सलाम मंडळी. सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी. पुण्यातल्या एका मराठी मंडळीचा मी सभासद आहे. (मंडळी म्हणजे आमच्यात चर्चचे लोक, लग्नातली नव्हे.) नाव घेत नाही, कारण आमच्यातले दोघेतिघे इथे असतात. गेल्या रविवारी हंगामाचा सण होता. म्हणजे शेतातलं पहिलं पीक, फळं, ऊस, कोंबडी, अंडी देवापुढे आणून ठेवायची आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव करायचा. आमच्या मंडळीत शेतकरी आता एकही उरलेला नाही. वेदीपुढची सगळी कणसं आणि भोपळे शनिवारी रात्री मार्केट यार्डातून टेम्पोनं आले होते. असो.

या दिवशी उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानण्याच्या, साक्षी असतात. वर्षभरात देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं आणि पाकीट द्यायचं. माझी जूनमध्ये अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट. पाकीट तयार होतं, चार वाक्यंही मनात जुळवली होती.

माझ्या आधी आमचे एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. म्हणाले, "कोविडमध्ये आमच्या सोसायटीत माणसं पटापट गेली, पण आमच्या उंबऱ्याच्या आत मरणाला देवानं पाऊल टाकू दिलं नाही. कारण आमच्या घरात रोज पहाटे पाचला कौटुंबिक प्रार्थना होते." सगळे म्हणाले, आमेन.

माझ्या पुढच्या बाकावर एक मावशी बसतात. एप्रिल २०२१ मध्ये नऊ दिवसांत त्यांचा नवरा आणि थोरला मुलगा, दोघेही गेले. त्यांच्याही घरी पहाटेची प्रार्थना होती. आमचा सगळा गल्लीभाग त्यांच्या गाण्यानं उठायचा. त्यांनीही आमेन म्हटलं. मी ऐकलं.

मी अर्धा उठलो होतो, तो खाली बसलो. बायकोला वाटलं छातीत दुखतंय.

पाकीट अजून गोळ्यांच्या डब्याशेजारी आहे. माझ्या पलीकडच्या खाटेवरचा माणूस त्याच आठवड्यात पहाटे गेला. मी उभा राहून "देवानं मला वाचवलं" म्हणालो, तर त्याच्या बायकोला मी काय सांगतोय? आणि गप्प बसलो तर कृतघ्न ठरतो. तुम्ही काय करता?

मिरची_भजी | रात्री १०:५८

वाचतेय. लिलावाबद्दल अजून लिहा ना.

सदाशिवपेठी_संशयी | रात्री ११:१५

स्टेंट डॉक्टरनं बसवला, पैसे विमा कंपनीनं भरले, पाकीट मात्र देवाला. तुम्ही बसलात तेच बरं केलंत. यातली गोम अशी, की वाचलेलेच साक्ष देतात. गेलेल्यांना माईक मिळत नाही. तुमच्या लक्षात आलं याबद्दल अभिनंदन.

(आमचा मिशनशी संबंध एवढाच, की १८९० साली पंचहौद मिशनात लोकमान्य टिळक आणि रानड्यांनी चहा घेतला आणि पुण्यात ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) माजलं. त्या चहाबद्दल मिशनऱ्यांचे आभार कुणी मानले होते का, हा संशोधनाचा विषय.)

क्वार्टरगेटकर | रात्री ११:३०

संशयीकाका, डॉक्टरांना पेढे नेले होते. त्यांनी स्वतः एक खाल्ला आणि मला एकही खाऊ दिला नाही. त्यांचे आभार मानायला अडचण येत नाही हो. अडचण पुढचीच आहे.

धन्य_झालो | सोमवार, सकाळी ६:०५

भावा, रागावू नका, पण तुम्ही देवाचं गौरव अडवलंत. बायबलमधलं स्तोत्र १०७ काय सांगतं? परमेश्वरानं ज्यांना सोडवलं त्यांनी ते बोलून दाखवावं. एका साक्षीनं दहा जणांचा विश्वास वाढतो. मी स्वतः दारू सोडली ती दुसऱ्याची साक्ष ऐकून. तो माणूस "कुणाला वाईट वाटेल" म्हणून बसून राहिला असता तर मी आज गटारात असतो. जास्त विचार हीसुद्धा सैतानाची युक्ती असते.

पंचहौदची_आजी | सोमवार, सकाळी ९:२०

मी गुरुवार पेठेत, पवित्र नाम देवालयाच्या घंटा ऐकत वाढले. शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हा शब्दांपासून सुरुवात करू द्या, सवय जात नाही.

घराबाहेरच्या मराठीत "उपकार" हा शब्द बोचरा आहे. "उपकार करतोस का माझ्यावर?" असं आपण भांडणात म्हणतो. उपकाराखाली माणूस दबतो, उपकार फेडावे लागतात, कुणी ते बोलून दाखवले तर मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि आमच्या देवळात हाच शब्द सगळ्यांत गोड. स्तोत्र १०३ मध्ये आपण आपल्याच जिवाला बजावतो, त्याचे उपकार विसरू नकोस. तुकोबांनाही संतांचे उपकार सांगताना ओझं वाटत नाही, उलट देण्यासारखं काही सापडत नाही म्हणून जीव पायावर ठेवला तरी थोडाच वाटतो. आमचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं स्वतःच म्हणत, आणि आमच्या उपासनेच्या मराठीला ती चव त्यांच्यामुळे लागली असं माझं मत आहे.

दुसरा शब्द कृतज्ञ. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी काय केलं गेलं ते ज्याला ठाऊक आहे तो. का केलं गेलं, हे जाणणारा असा अर्थ त्या शब्दात कुठेच नाही. तुमच्या त्या ज्येष्ठांना केलेलं ठाऊक होतं तेवढं पुरे होतं. पुढचं "का" त्यांनी घरून आणलं.

आता जुनी गोष्ट. आमच्या लहानपणी एकेकट्याच्या साक्षी फार नसत. प्रार्थनापुस्तकातली सर्वसाधारण उपकारस्तुती सगळे मिळून म्हणायचो. ती मूळ इंग्रजीत १६६२ च्या पुस्तकात आली, एडवर्ड रेनॉल्ड्स नावाच्या बिशपनं लिहिलेली. क्रम बघा. आम्हाला घडवलंस म्हणून, सांभाळलंस म्हणून, या जिण्यातल्या सगळ्या आशीर्वादांसाठी, पण सर्वांहून जास्त ख्रिस्ताद्वारे झालेल्या तारणासाठी आणि कृपेच्या साधनांसाठी. आणि मग मागणं काय, तर ही स्तुती नुसती ओठांनी होऊ नये, जगण्यातून व्हावी. सगळं "आम्ही". "मी" एकदाही येत नाही. ज्याचं पोर त्या आठवड्यात गेलंय तोही ती म्हणू शकायचा. माझ्या वडिलांनी माझ्या भावाच्या मातीच्या दुसऱ्या रविवारी म्हटली होती. शेवटपर्यंत म्हटली, आवाज थोडा घोगरा होता.

बिबवेवाडीचा_विद्यार्थी | सोमवार, दुपारी १:१०

आजींना साष्टांग. मी सेमिनरीत (पाळक होण्याच्या शाळेत) दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे ग्रीक झाडण्याचा मोह आवरत नाहीये. माफी.

"सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्रात ५:१८ ला येतं. तिथे ग्रीकमध्ये "एन पांती" आहे, म्हणजे प्रत्येक स्थितीत असताना. त्या स्थितीबद्दल आभार माना असं ते वाक्य म्हणत नाही. शिवाय ते पत्र प्रेषित पौलाच्या सगळ्यांत जुन्या पत्रांपैकी, साधारण इ. स. ५० च्या आसपासचं, आणि ते कुणाला लिहिलंय? ज्यांची माणसं मेली आहेत आणि त्यांचं पुढे काय होणार म्हणून जी मंडळी हवालदिल आहे, त्यांना. चौथ्या अध्यायाचा शेवट त्यावरच आहे. तेव्हा हे वाक्य पेढे वाटणाऱ्या घरी पाठवलेलं नव्हतं. सुतकाच्या घरी पाठवलेलं होतं.

प्रामाणिकपणे हेही सांगतो, की इफिसकरांस ५:२० मध्ये "हुपेर पांतोन" आहे, सर्व गोष्टींबद्दल. ते मला अजून पचलेलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, पचेल तेव्हा उपदेश कर, तोवर वाच.

दुसरं. लूकाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, त्यांतला एकच, तोही शोमरोनी (यहूद्यांच्या लेखी परका), परत येऊन येशूच्या पाया पडून आभार मानतो. पुढच्याच अध्यायात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) मंदिरात उभा राहून म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो. दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, "युखारिस्तेओ". आणि २२ व्या अध्यायात वरच्या माडीवर, शेवटच्या जेवणात, येशू भाकर घेऊन तेच करतो. शब्द एक, माणसं तीन. परूशाच्या आभारात शेजारी उभा असलेला जकातदार मापाला वापरलाय. तुमच्या सभासदांनी सोसायटी वापरली.

सदाशिवपेठी_संशयी | सोमवार, दुपारी १:४५

मुलगा हुशार आहे. वाया जाणार.

सासवडचा_अंजीर | सोमवार, रात्री ८:३०

राम राम / सलाम. आमच्या मंडळीत अजून शेतकरी आहेत बरं का, मार्केट यार्डाचा टेम्पो लागत नाही. आमचे अंजीर. यंदा खट्टा बहार (अंजिराचं पहिलं पीक) पावसानं धुतला, जो राहिला त्याच्यावर तांबेरा रोग. पानं गळाली, फळ उकललं, व्यापाऱ्यानं बघितलंसुद्धा नाही.

आणि त्याच महिन्यात आमचा हंगामाचा सण. घरात मी म्हटलं यंदा जायचं नाही, न्यायला काय आहे? आमची आई म्हणली, जे आहे ते ने. मी खरंच एक पाटी उकललेले अंजीर नेऊन ठेवले. वेदीपुढं माशा झाल्या. पाळकसाहेबांनी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला. अंजिराला फुटवा नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतून बुडालं, शेतानं अन्न दिलं नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. लहानपणापासून ऐकतोय, पण अंजीर पहिला का घेतला त्यानं, ते यंदा कळलं. खर्च सगळ्यात जास्त त्याच्यावर झाला असणार.

हर्ष झाला का? नाही झाला. खोटं कशाला बोलू. पण पाटी परत आणली नाही. लिलावात एका म्हाताऱ्यानं ते सडके अंजीर शंभराला घेतले न् शेळीला घातले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाय. मीठा बहाराची, पुढच्या पिकाची, छाटणी झालीय.

मिरची_भजी | सोमवार, रात्री ८:४१

हे वाचून गप्प झाले. आजींचा "आवाज थोडा घोगरा होता" पण.

सिस्टर_रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ३:५०

ड्यूटीवरून लिहितेय, तुटक असेल.

त्या दहा कुष्ठरोग्यांवर दरवर्षी उपदेश ऐकते. नऊ कृतघ्न, एक कृतज्ञ, संपलं. मी काही वर्षं कुष्ठरोगाच्या रुग्णांमध्ये काम केलंय. औषधाचा कोर्स सहा महिने किंवा बारा महिने. संपला की कार्डावर नोंद होते आणि माणूस मोकळा. मोकळा झालेला माणूस पहिलं काय करतो माहितीये? घरी जातो. कुणाच्या बायकोनं इतकी वर्षं ताट वेगळं ठेवलेलं असतं, कुणाचं पोर लांबूनच बोलत असतं. तो मागे वळून आमच्याकडे बघतही नाही, आणि मला कधी राग आला नाही. शास्त्रात तर येशूनंच त्यांना सांगितलंय, जा, याजकांना दाखवा. ते नऊ सांगितलेलं करायलाच निघाले होते. बरे नऊही राहिले. आभार मानले नाहीत म्हणून कुणाचा रोग परत आला असं लूक लिहीत नाही. हे मला फार आवडतं.

एक जण मात्र परत आला होता. बोटं वाकडी, हातात भेळेची पुडी. म्हणाला, घरच्यांनी जेवायला पंगतीत घेतलं, हे सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

मला वाटतं परत येणं यासाठी असतं. आनंद झालाय आणि तो ठेवायला जागा हवी. आयसीयूत मी दोन्ही बघते, घरी जाणारे आणि न जाणारे. प्रार्थना दोन्ही खाटांवर होते. खाटेवरून काहीच कळत नाही.

चार नंबरची बेल वाजली.

धन्य_झालो | मंगळवार, सकाळी ६:१०

सिस्टर, पण प्रभूनं विचारलंच ना, "ते नऊ कोठे आहेत?" म्हणजे त्यालाही अपेक्षा होती. साक्ष बंद करा असं कुणी म्हणू नये एवढंच माझं म्हणणं.

पाकीट_नको_पेटी_हवी | मंगळवार, सकाळी १०:००

खरा घोळ पाकिटाचा आहे. आमच्याकडे रक्कम वाचून दाखवतात. "अमुक कुटुंबाकडून नातवाच्या बाप्तिस्म्याप्रीत्यर्थ पाच हजार एक." मग पुढचा पाच हजार दोन घालणारच. बायबलातल्या गरीब विधवेनं टाकलेल्या दोन टोल्यांवर (दोन क्षुल्लक नाण्यांवर) उपदेश करायचा आणि लगेच आकडे वाचायचे. सरळ पेटी ठेवा.

जुना_खजिनदार | मंगळवार, सकाळी १०:२५

पेटी ठेवून बघितली आहे. छपराचं काम तीन वर्षं रखडलं. वाचायला लागलो, पत्रे आले.

पाकीट_नको_पेटी_हवी | मंगळवार, सकाळी १०:२७

म्हणजे स्तुती पत्र्यांची.

जुना_खजिनदार | मंगळवार, सकाळी १०:३१

पावसाळ्यात गळक्या बाकावर बसून हेच म्हणा.

(या दोघांचे पुढचे एकोणीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

रास्तापेठ_गल्ली | मंगळवार, रात्री ९:१५

मी हिंदू, पण आमच्या वाड्याशेजारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब होतं. रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे. त्यांच्याकडे कुणी आजारातून उठलं, परीक्षा पास झालं, नवी जागा घेतली की मलीदा असायचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर पाच तऱ्हेची फळं. एलियाहू हन्नबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव घेऊन प्रार्थना, आणि मग प्रत्येकाच्या हातात बशी. आम्हा पोरांना प्रार्थना कळायची नाही, बशी कळायची.

एकदा त्या आजोबांना विचारलं, इतके पोहे का भिजवता? ते म्हणाले, आमच्या तोरेत, म्हणजे धर्मशास्त्रात, आभाराच्या बलिदानाचा एक नियम आहे, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात. त्याचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. दुसरं एखादं अर्पण दुसऱ्या दिवशीही खाल्लेलं चालतं, आभाराचं चालत नाही. आता एक अख्खं जनावर आणि वर भाकरींचे चार प्रकार, घरातली पाच माणसं एका दिवसात कशी संपवणार? लोकांना हाक मारावीच लागते. आजोबा म्हणायचे, देवाला ठाऊक होतं, आभार शिळे झाले की माणूस त्याचा बडेजाव करतो.

बिबवेवाडीचा_विद्यार्थी | मंगळवार, रात्री ९:४०

हे मला शिकवलंच नव्हतं कुणी! लगेच उघडून बघितलं, ७:१५, आहे. आणि बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवल्यावरही तेच आहे. लेवी (देवाच्या सेवेतलं कुळ) आणि तुमच्यातला उपरा यांच्यासह आनंद करा. उपरा पंगतीत नसेल तर सण पुरा होत नाही.

सदाशिवपेठी_संशयी | मंगळवार, रात्री १०:०५

छान छान चाललंय म्हणून एक खडा टाकतो. तुमचं स्तोत्र १३६ काढा. "त्याची दया सनातन आहे" ही ओळ सव्वीस वेळा. दहाव्या ओळीत काय आहे? त्यानं मिसर (इजिप्त) देशातल्या प्रथम जन्मलेल्यांना मारलं, त्याची दया सनातन आहे. त्या पोरांच्या आयांनी हे कडवं कसं म्हणायचं? तुमच्या ज्येष्ठ सभासदांची साक्ष शास्त्राला धरूनच होती.

बिबवेवाडीचा_विद्यार्थी | मंगळवार, रात्री ११:५०

दोन तास विचार केला काका. गुळगुळीत उत्तर देत नाही. फक्त निरीक्षण. हिब्रूत त्या सव्वीसही ओळींत "की" हा शब्द आहे, म्हणजे "कारण". आणि प्रत्येक वेळी ते कारण त्याच्या दयेकडे बोट दाखवतं. आम्ही पहाटे उठायचो म्हणून, आम्ही चांगले होतो म्हणून, असं एकदाही नाही. मिसरातल्या आयांबद्दल माझ्याकडे शब्द नाहीत.

रास्तापेठ_गल्ली | बुधवार, सकाळी ७:३०

वल्हांडणाच्या (मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) जेवणात, देवानं मिसरावर आणलेल्या दहा पीडांची नावं घेताना आजोबा द्राक्षरसाच्या प्याल्यात बोट बुडवून दर नावाला एक थेंब ताटलीत सांडायचे. दुसऱ्याच्या लेकरांच्या मरणानं आपली सुटका झाली, म्हणून आपला प्याला तेवढा उणा ठेवायचा, असं ते सांगत. बाकी प्याला प्यायचे मात्र.

वसईची_सून | बुधवार, दुपारी १२:१५

मी कॅथलिक, आता वडगावशेरीत. आमच्या मिस्सात (उपासनेत) दर वेळी फादर म्हणतात, आभार मानू या, आणि आम्ही म्हणतो, तेच उचित आणि योग्य. सवयीनं म्हणतो. पण त्या प्रार्थनेत पुढे येतं ते "ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं". भाकर हातात घेऊन त्यानं आभार मानले ते त्या रात्री. नंतर कधी बरे दिवस आले तेव्हा नव्हे, त्यानं त्या रात्रीच मानले, आणि मग बागेत व्याकूळ झाला, हा प्याला टळू दे म्हणाला. दोन्ही एकाच माणसानं एकाच रात्री. म्हणून रडणाऱ्याला "आभार मान" म्हणून गप्प करणारे मला आवडत नाहीत.

रोजचं म्हणाल तर एका जेझुइट फादरांनी संत इग्नेशियसची रात्रीची आत्मपरीक्षा शिकवली. पाच पायऱ्या, पहिली पायरी आभार. पापांची यादी नंतर. मी सुरुवातीला मोठमोठं शोधायचे. आता "पीएमटीत खिडकी मिळाली" यावरही थांबते. (पुण्याची बस. नाव बदललं तरी हो, मी अजून पीएमटीच म्हणते.)

नाव_नको | बुधवार, रात्री ११:३५

मी तुमच्या त्या मावशींसारखी आहे. ती मी नाही, पण तीच खाट माझीही. नवरा, एप्रिल २०२१, ऑक्सिजनच्या खाटेसाठी आठ ठिकाणी फोन.

आम्ही आमेन का म्हणतो ते सांगते. दुसऱ्याचं माणूस वाचलं याचा खरंच आनंद होतो हो. माझ्या दिराचं ऐंशीवर आलेलं ऑक्सिजन परत चढलं तेव्हा मी जमिनीवर बसून देवाचे आभार मानले, माझ्या नवऱ्याच्या तेराव्या दिवशी. त्या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. त्यामुळे आमच्यासाठी गप्प बसू नका. तुम्ही सगळे आमच्यासमोर गप्प बसायला लागलात की आम्ही आणखीच मेलेल्यांत जमा होतो.

लागतं ते एकाच शब्दाला. "कारण". देवानं आम्हाला वाचवलं, इथे थांबा. "कारण आम्ही प्रार्थना करतो" आलं, की मी रात्रभर हिशेब करत बसते की माझी कुठली प्रार्थना कमी पडली. पाच वर्षं झाली, तो हिशेब अजून लागत नाही.

तो एक शब्द गाळून साक्ष द्या.

धन्य_झालो | गुरुवार, सकाळी ६:००

ताई, मी माझ्या साक्षीत नेहमी म्हणतो, "कारण मी खऱ्या मनानं मागितलं." माझा धाकटा भाऊही मागत होता. तो दारूतच गेला. हे मी आजवर जोडून बघितलं नव्हतं.

आज एवढंच.

क्वार्टरगेटकर | पुढचा रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. (या धाग्यावर हा शब्द लिहिताना हात अडखळतोय.)

मधल्या काळात काय झालं ते सांगतो. सणाच्या लिलावात मी साडेतीनशेला एक लाल भोपळा घेतला होता, मंडईत चाळीसला मिळतो तसला. तो आठवडाभर स्वयंपाकघरात आमच्याकडे बघत होता. रास्ता पेठेच्या त्या आजोबांचा नियम वाचून बायको म्हणाली, हा आज संपलाच पाहिजे. शनिवारी तिनं भोपळ्याचे घारगे केले. ढीगभर. मला एकच मिळाला. वॉचमन, वरचे जोशी, खालचा मोबाईलवाला, सगळीकडे गेले, आणि एक डबा घेऊन मी मावशींकडे गेलो.

मावशींनी डबा उघडला, एक खाल्ला, म्हणाल्या, "गूळ हात राखून घातलाय." मग म्हणाल्या, "तू उठला होतास ना परवा? मग बसलास का?" त्यांनी मागे वळून बघितलेलं मला कळलंच नव्हतं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्या म्हणाल्या, "त्यांच्यावर राग धरू नकोस. फार घाबरलेत ते. पाच वाजता उठलं नाही तर आपलंही माणूस जाईल अशी भीती बसलीय त्यांना. सुनेनं सांगितलं मला, तापातसुद्धा उठतात."

हे मला सुचलंच नव्हतं.

मग त्यांनी कपाटातून एक पाकीट काढलं. उपकारस्तुतीचं. वर कुटुंबाचं नाव, रक्कम, आणि "प्रीत्यर्थ" पुढची जागा कोरी. म्हणाल्या, लग्नाचा वाढदिवस आहे या महिन्यात. चौतीस वर्षं मिळाली. दरवर्षी घालते, यंदा गुडघ्यामुळे सणाला पुढे जाता आलं नाही, तू नेऊन दे. मी विचारलं, प्रीत्यर्थमध्ये काय लिहू? त्या म्हणाल्या, राहू दे, ज्याला द्यायचंय त्याला ठाऊक आहे.

आज दोन्ही पाकिटं खजिनदारांच्या हातात दिली. माझ्याही पाकिटावरचं "शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याप्रीत्यर्थ" खोडलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, वाचायचं काय मग? मी म्हटलं, नावं वाचा.

साक्ष दिली नाही. पुढच्या वर्षी बघू.

जुना_खजिनदार | रविवार, रात्री १०:०५

पावती घेतलीत का?

मिरची_भजी | रविवार, रात्री १०:२०

घारग्यांची कृती द्या प्लीज.

क्वार्टरगेटकर | रविवार, रात्री १०:४५

सौ. सांगते तसं टंकतोय. भोपळा सालं काढून किसायचा, थोड्या तुपावर वाफवायचा. किसाच्या निम्मा गूळ (मावशींच्या मते पाऊण), चिमूटभर मीठ. गार झालं की त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडं तांदळाचं पीठ, कडकडीत तेलाचं मोहन. पाणी अजिबात नाही. वर खसखस लावून पुरीपेक्षा जाड थापायचे, मंद तेलात तळायचे.

साधारण दीड किलोच्या भोपळ्याचे साठ झाले. माणसं जमवून ठेवा.